वरणभाकरीचा हिशेब : प्रथिनांच्या वादाचा आढावा

आहाराविषयीचे जे सल्ले आज मराठी घरांत दिले-घेतले जातात, त्यांत 'प्रथिने वाढवा' हा सल्ला सर्वांत आग्रहाचा झाला आहे. व्यायामशाळेतील शिक्षक तो तरुणांना देतो, मधुमेहाची चिकित्सा करणारे डॉक्टर तो पन्नाशीच्या रुग्णांना देतात, आणि शाकाहारी कुटुंबांतील आया आपल्या मुलांच्या वाढीविषयी साशंक होऊन तो स्वतःलाच देत असतात. आपल्या वरण-भात-भाजी-पोळीच्या आहारात प्रथिने पुरेशी नाहीत, हे या सल्ल्यामागील गृहीतक होय. परंतु हे गृहीतक आजचे नाही. शंभराहून अधिक वर्षे ते विद्वानांच्या वादाचा विषय झाले आहे. मध्यंतरी एकदा ते जवळजवळ निकालात निघाले होते, आणि नव्या प्रमाणांच्या आधाराने ते पुन्हा उभे राहिले आहे. या वादात पुण्याचा आणि मराठी विद्वानांचा वाटा मोठा असूनही त्याची साकल्याने माहिती मराठी वाचकापुढे क्वचितच येते. सबब हा प्रश्न कोठून निघाला, त्यावर कोणत्या भूमिका घेतल्या गेल्या आणि त्यांतील काय अद्याप अनिर्णीत आहे, याची मांडणी करण्याचा येथे यत्न केला आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग याने स्नायूंच्या श्रमाला प्रथिनेच खर्ची पडतात असा सिद्धांत मांडला. तो सिद्धांत पुढे टिकला नाही. परंतु त्याच्या प्रभावाखाली श्रम करणाऱ्या माणसाला प्रथिने विपुल हवीत हा समज मात्र दृढ झाला. म्युनिकच्या कार्ल व्हॉइट याने मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ पुरुषासाठी दररोज 118 ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण सुचविले, आणि ते दीर्घकाळ प्रमाणभूत मानले गेले. हे प्रमाण मुख्यतः तेथील श्रमिक काय खातात याच्या निरीक्षणावरून काढलेले होते. माणूस जे खातो तेच त्याला आवश्यक असते काय, हा प्रश्न त्यात अस्पर्श राहिला होता. तो येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन याने 1904 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून ऐरणीवर आणला. अध्यापक, सैनिक आणि खेळाडू विद्यार्थी अशा तिन्ही वर्गांतील माणसांना व्हॉइटच्या प्रमाणाच्या सुमारे निम्म्या प्रथिनांवर महिनोन्‌महिने ठेवून त्यांची प्रकृती व शक्ती उणावत नाही, असे त्याने दाखविले.

हिंदुस्थानात हा वाद आला तो वेगळा वेष घेऊन. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरविज्ञानाचे प्राध्यापक मॅके यांनी बंगालच्या तुरुंगांतील शिध्याचा अभ्यास केला आणि 1912 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, बंगाली माणसाची शरीरयष्टी कृश आहे याचे कारण त्याच्या आहारातील प्रथिनांची अल्पता होय, असे प्रतिपादन केले. तुरुंगाचे दफ्तर हे संशोधनाला सोयीचे असते, कारण तेथे कोणाला किती शिधा दिला याची नोंद राहते. परंतु एका प्रांताच्या शरीरयष्टीचा निवाडा एकाच अन्नघटकावरून करण्यात वंश, रोगराई आणि दारिद्र्य ही तिन्ही कारणे एका शब्दात गुंडाळली गेली, हे आज सहज ध्यानात येते. त्यानंतर कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी पांढऱ्या उंदरांना निरनिराळ्या प्रांतांचे आहार देऊन जे प्रयोग केले ते बरेच प्रसिद्धी पावले. शीख आहारावरील उंदीर सर्वांत सुदृढ, मद्रासी आहारावरील सर्वांत दुर्बळ, आणि मराठ्यांच्या आहारावरील उंदीर शीख व पठाण यांच्या खालोखाल, असा तो क्रम होता. शीख आहारातील सकस गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि भाजीपाला यांतील नेमके श्रेय कशाचे, हे त्या प्रयोगांतून सुटे करता येत नव्हते. तरीही दूध आणि डाळ यांचे महत्त्व त्यांमुळे लोकमनावर ठसले. मॅकॅरिसन यांची ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलविण्यात आली आणि 1969 पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. पुढील हकिकतीत तिचा वारंवार उल्लेख येईल.

प्रथिनांच्या तुटीचा कालखंड

सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी 1930 च्या दशकात आफ्रिकेच्या गोल्ड कोस्ट प्रदेशात, अंगावरचे दूध तुटलेल्या बालकांना होणाऱ्या एका व्याधीचे वर्णन केले. सूज, त्वचेचे विकार आणि चिडचिडेपणा ही तिची लक्षणे असून तिचे स्थानिक नाव क्वाशिओरकोर असे होते. मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांत ती आढळत असल्यामुळे तिचा संबंध प्रथिनांच्या अभावाशी जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी हा प्रश्न हाती घेतला. 1955 साली प्रथिनविषयक सल्लागार गट स्थापन झाला. आणि 1968 साली तर संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचे निवारण कसे करावे यावर स्वतंत्र अहवाल दाखल झाला.

बालकांच्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटीत आहे, या मतातून अनेक तजविजी निघाल्या. मैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ यांपासून बहुउद्देशीय अन्न तयार केले. 'बालाहार' नावाचे मिश्रण निघाले. पावात लायसिन हे अमिनो आम्ल घालण्याचा प्रयोग झाला. हेतू शुद्ध होता आणि परिश्रमही मोठे होते. मात्र हे पदार्थ ज्या घरांतील मुले खरोखर उपाशी होती त्या घरांत फारसे पोहोचले नाहीत, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

हैदराबाद व पुणे येथील आक्षेप

या सर्वमान्य मताला जे दोन बळकट आक्षेप घेतले गेले ते दोन्ही भारतातून निघाले, आणि त्यांचा तपशील थोडा सावकाश पाहणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप वैद्यकीय होता. हैदराबादच्या संस्थेचे संचालक डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, सूज येऊन आजारी पडणारी मुले आणि नुसतीच सुकत जाणारी मुले यांच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणाचा असा काही फरक नाही. दोन्ही प्रकारची मुले तेच अन्न खातात, आणि ते मुळातच कमी खातात. या तर्काची परीक्षा त्यांनी हैदराबादजवळच्या खेड्यांत केली. अल्पपोषित मुलांना गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा असा पूरक खाऊ देण्यात आला की त्यातून रोज 310 उष्मांक मिळावेत, परंतु प्रथिने अवघी 3 ग्रॅम. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांची उंची व वजन पूरक अन्न न मिळालेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक वाढलेली दिसली. याचा अर्थ असा की, पोटभर अन्नाअभावी शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळीत होते. इंधन मिळताच तीच प्रथिने वाढीच्या कामी आली.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्रीय होता आणि तो डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 साली जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडनला शिकलेले सुखात्मे रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतर ते पुण्यास परतले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. प्रथिनांचे जे प्रमाण शिफारस म्हणून छापले जाते ते बहुतांश निरोगी माणसांना पुरून उरावे अशा बेताने वर ओढलेले असते. सबब त्याहून कमी खाणारा प्रत्येक जण तुटीत आहे असे म्हणणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. माणसामाणसांत गरज भिन्न असते, इतकेच नव्हे तर एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलत असते. भारतीय पाहण्यांतील आकडे या दृष्टीने फेरतपासता त्यांना असे दिसले की, धान्य आणि डाळी यांच्या आहारात ज्याला उष्मांक पुरेसे मिळतात त्याला प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात, आणि प्रथिनांची निव्वळ तूट असलेली माणसे फार थोडी आहेत. गरीब माणसाला प्रथिनांचे खास खाद्य नको, त्याचे नेहमीचे जेवण त्याला पोटभर मिळाले पाहिजे, असा या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ होता.

1973 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने प्रौढ पुरुषांसाठी सुरक्षित प्रमाण अंडी-दुधाच्या दर्जाच्या प्रथिनांत दर किलो वजनामागे 0.57 ग्रॅम इतके खाली आणले, आणि 1974 साली डोनाल्ड मॅक्लेरन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रथिनविषयक साऱ्या धोरणाला महाप्रमाद ठरविले. वाद संपला असे वाटण्याजोगी ही परिस्थिती होती.

मात्र सुखात्मे तेथे थांबले नाहीत. जी विचारसरणी त्यांनी प्रथिनांना लावली तीच त्यांनी उष्मांकांना लावली आणि शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून अल्पपोषितांची गणना सरासरी गरजेवरून न करता तिच्या खालच्या मर्यादेवरून करावी, असे मत मांडले. येथे पुण्यातच त्यांचा सामना अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी झाला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 च्या आपल्या प्रसिद्ध अभ्यासात दरडोई 2250 उष्मांक हे माप धरून दारिद्र्याची रेषा आखली होती. 1960-61 च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा 15 रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये येत होती. सुखात्म्यांचे माप स्वीकारले तर अल्पपोषितांची संख्या एकदम घटत होती. ज्यांच्या प्रयोगांनी सुखात्म्यांच्या पहिल्या मताला पुष्टी दिली होती ते गोपालन या दुसऱ्या मताच्या विरोधात ठामपणे उभे राहिले. खुजे शरीर हे निरोगी जुळवणीचे लक्षण मानणे म्हणजे गरिबांसाठी वेगळा आणि हिणकस मापदंड मंजूर करणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांचे लेखन आज वाचताना प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, माणसाच्या गरजेतील चढउतार दाखविणे हे सुखात्म्यांचे मूलभूत योगदान आहे, परंतु ज्या जुळवणीची किंमत शरीराने उंचीत, श्रमशक्तीत किंवा आयुष्यात मोजलेली असते तिला जुळवणी म्हणावे काय, या गोपालन यांच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या विवेचनात मिळत नाही.

प्रतवारीचा प्रश्न पुन्हा येतो

प्रथिनांचा वाद पुन्हा उघडला तो एकूण मात्रेवरून नव्हे, तर त्यांच्या प्रतीवरून. शरीराला जी अमिनो आम्ले बाहेरून घ्यावी लागतात त्यांतील लायसिन धान्यांत कमी आणि डाळींत विपुल असते. उलट डाळींत जे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी पडते ते धान्ये पुरवितात. वरणभात, पिठलेभाकरी, खिचडी, इडली-सांबार हे संयोग या कारणाने गुणकारी ठरतात, हे जुन्या पिढीतील आहारशास्त्रज्ञही सांगत. नवे आले ते गरजेचे माप. 1985 च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने प्रौढ माणसाची लायसिनची गरज दर किलोमागे 12 मिलिग्रॅम धरली होती. अमेरिकेतील व्हर्नन यंग यांनी ते प्रमाण फारच अपुरे असल्याचे दाखविले. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेतील अनुरा कुर्पाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय पुरुषांवर समस्थानिकांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीतही गरज 30 मिलिग्रॅमच्या आसपास आली. आणि 2007 च्या अहवालाने ते प्रमाण मान्य केले. एका आकड्यात अडीचपट वाढ झाली.

याचा परिणाम काय होतो हे मराठवाड्यातील अथवा सोलापूरकडील एखाद्या शेतमजुराच्या ताटावरून स्पष्ट होईल. त्याचे वजन 60 किलो आहे आणि दिवसभरात तो 400 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खातो, असे धरू. त्यातून त्याला सुमारे 40 ग्रॅम प्रथिने मिळतात. परंतु ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन दर ग्रॅममागे सुमारे 20 ते 22 मिलिग्रॅमच असल्यामुळे त्याच्या वाट्याला साधारण 800 ते 900 मिलिग्रॅम लायसिन येते. जुन्या प्रमाणाप्रमाणे त्याची गरज 720 मिलिग्रॅम होती. म्हणजे केवळ भाकरीवरही तो निभावत होता. नव्या प्रमाणाप्रमाणे ती 1800 मिलिग्रॅम आहे. म्हणजे तीच भाकरी अर्धीच गरज भागविते. आता तिच्यासोबत 60 ग्रॅम बेसनाचे पिठले आले, तर सुमारे 13 ग्रॅम प्रथिनांबरोबर 850 ते 900 मिलिग्रॅम लायसिन वाढते आणि हिशेब जवळजवळ जुळतो. वर पेलाभर दूध अथवा ताक-दही असले तर तो निश्चित जुळतो. माणूस तोच, भाकरी तीच, आणि तरी एका अहवालाच्या काळात तो पुरेसे खाणारा व दुसऱ्याच्या काळात तुटीतला ठरतो. सुखात्मे यांचा निष्कर्ष ज्या मापावर उभा होता ते मापच पुढे बदलले, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या मताचे न्याय्य मूल्यमापन होऊ शकत नाही.

परंतु हे 60 ग्रॅम बेसन प्रत्यक्षात ताटात असते काय? चौघांच्या घरात कुकरला वाटीभर, म्हणजे सुमारे 120 ग्रॅम, तूरडाळ लावली तर एकूण प्रथिने 26 ग्रॅम होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा ग्रॅम येतात. आमटी पातळ असली आणि वाढताना वरचे पाणी एकाला व तळची डाळ दुसऱ्याला गेली, तर हा वाटाही समान राहत नाही. शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या वाटीत काय येते, हे कोणत्याही सरासरीतून दिसत नाही. देशाच्या पातळीवरही डाळींची दरडोई दैनिक उपलब्धता 1961 साली 69 ग्रॅम होती ती 2001 साली 30 ग्रॅमपर्यंत घसरली. गहू-तांदळाच्या उत्पादनात क्रांती झाली त्या काळात कडधान्ये कोरडवाहू जमिनीवरच राहिली. मधल्या काळात ही घसरण काहीशी भरून निघाली असली तरी 1961 चा आकडा पुन्हा गाठला गेलेला नाही.

पचनाचा प्रश्न याला जोडूनच येतो. खाल्लेल्या डाळीतील सर्वच प्रथिने शोषली जातात असे नाही. सालासकट कडधान्यापेक्षा सोललेल्या डाळीतील प्रथिने अधिक पचतात, असे बंगळूरच्या मोजणीत दिसले आहे. भिजविणे, मोड आणणे, आंबविणे आणि नीट शिजविणे यांनी पचनातील अडथळे कमी होतात. मटकीला मोड आणण्याची आपली रीत या दृष्टीने मोलाची आहे, जरी मोड आल्याने प्रथिनांची मात्रा वाढते हा प्रचलित समज बरोबर नाही.

आजच्या भूमिका

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली जी प्रमाणे जाहीर केली, त्यांत प्रथिनांची सरासरी गरज दर किलोमागे 0.66 ग्रॅम आणि शिफारस केलेले प्रमाण 0.83 ग्रॅम असे आहे. 65 किलोच्या पुरुषाला ते 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम होते. आहार मुख्यतः धान्याचा असेल तर ते 1 ग्रॅमच्या जवळ धरावे, अशी पुस्ती आहे. याच संस्थांनी 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शनात स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांची भुकटी घेणे टाळावे असे सांगितले आणि धान्यांचा वाटा कमी करून डाळी, दूध, भाज्या वाढविण्यावर भर दिला. ही भूमिका मध्यममार्गी आहे: प्रथिने हवीत, पण ती ताटातून यावीत.

दुसरी भूमिका चिकित्सकांची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालविला, त्यातून भारतीय नवजात बालक वजनाने लहान, सरासरी सुमारे 2.7 किलो, असूनही त्याच्या अंगी स्नायू कमी आणि मेद तुलनेने अधिक असतो, हे पुढे आले. अशा देहाला मधुमेहाचा धोका अधिक, म्हणून स्नायू राखण्याकडे लक्ष हवे, असे अनेक चिकित्सकांचे म्हणणे आहे; वृद्धांसाठी युरोपातील तज्ज्ञांनी 2013 साली दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचविले, तेही हे चिकित्सक प्रमाण मानतात. याज्ञिक यांच्या अभ्यासाने मात्र प्रथिनांइतकेच ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावाकडे लक्ष वेधले आहे, आणि हा अभाव केवळ डाळी वाढवून भरून निघत नाही, कारण वनस्पतिजन्य अन्नात ते जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. शाकाहारी घरातील चिंतेचे खरे स्थान कदाचित येथे आहे.

तिसरी भूमिका सावधगिरीची. अधिक प्रथिनांमुळे मूत्रपिंडावर ताण येतो, असे प्रतिपादन बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1982 साली केले. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे त्याच्या बाबतीत हा इशारा चिकित्सेत पाळला जातो. निरोगी माणसात मात्र असे नुकसान सिद्ध झालेले नाही. ज्या देशात मधुमेह व रक्तदाब पुष्कळांना आहेत आणि त्यांतील अनेकांना आपल्या मूत्रपिंडाची अवस्था ठाऊक नसते, तेथे तपासणीविना भुकटी सुरू करणे धोक्याचे, एवढे या मताचे बळ मान्य करावेच लागते.

अनिर्णीत बाबी

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या 2023-24 च्या कुटुंब उपभोग पाहणीप्रमाणे प्रथिनांचे दरडोई दैनिक सेवन ग्रामीण भागात 61.8 आणि नागरी भागात 63.4 ग्रॅम आहे. त्यातील ग्रामीण भागात जवळजवळ निम्मा व नागरी भागात दोनपंचमांशाच्या आसपास वाटा धान्यांचा आहे. एका पक्षाला हे आकडे पुरेसेपणाचा पुरावा वाटतात, दुसऱ्याला हलक्या प्रतीच्या प्रथिनांचा. दोघांचेही म्हणणे त्या आकड्यात बसते, कारण घराच्या आत कोणाला काय मिळते हे पाहणी सांगत नाही. शिवाय शिफारस केलेल्या प्रमाणाखालील प्रत्येकाला तुटीत गणण्याची जी चूक सुखात्म्यांनी दाखवून दिली होती ती जाहिरातींतून आणि उद्योगांच्या पुरस्काराने होणाऱ्या पाहण्यांतून आजही सर्रास केली जाते. वयस्क भारतीयांना किती प्रथिने हितकर, हे युरोपीय शिफारशीवरून ठरवावे की येथील दीर्घ निरीक्षणावरून, याविषयीही एकमत नाही.

सर्वांत कठीण बाब खर्चाची आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणशी दरमहा 5 किलो धान्याची हमी दिली, म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. डाळीची तरतूद त्या कायद्यात नाही. तामिळनाडूच्या शिधावाटप दुकानांत तूरडाळ सवलतीच्या दराने मिळते, छत्तीसगडने आपल्या स्वतंत्र कायद्यात हरभऱ्याला स्थान दिले आहे. शालेय भोजनात प्राथमिक वर्गातील मुलाला 12 ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे, आणि ती अंड्यातून द्यावीत की डाळी-दुधातून, या प्रश्नावर राज्याराज्यांचे निर्णय भिन्न आहेत. महाराष्ट्रात 2023 साली आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरले होते, पुढे त्यासाठीची आर्थिक तरतूद काढून घेण्यात आली. दरडोई 50-60 ग्रॅम डाळ रोज प्रत्येक ताटात यावयाची तर कोरडवाहू शेतीला कोणता भाव, कोणते बियाणे आणि कोणती खरेदीव्यवस्था द्यावी लागेल, याचे अंदाजपत्रक आहारशास्त्र आणि कृषी-अर्थशास्त्र यांनी एकत्र बसून मांडावयाचे राहिले आहे.